पासिंगपुरते टायर

अकोल्याच्या चौकात परवा रोडरोलर चालताना पाहिला. डांबरावर नव्हे, सायलेन्सरवर. फटाके फोडत हिंडणाऱ्या मोटारसायकलींची ती चकचकीत नळकांडी पोलिसांनी रस्त्यावर ओळीनं निजवली होती, आणि त्यांच्यावरून तो जड रूळ सावकाश फिरत होता. लोक मोबाइल उंचावून उभे. “बरं झालं, लय माजले होते!” शेजारचा ऑटोवाला म्हणाला, मीही मान डोलावली. खरंच डोकं उठवलं होतं त्यांनी. पण मान डोलावता डोलावता मनात आलं: आवाज करतं ते सापडतं; गुपचूप फिरतं त्याचं काय? तसं एक माझ्या हातून घडलं आहे.

माझा एक मित्र चांदूर बाजार ते मोर्शी जीप चालवायचा. गोंगाटाचा त्याला भारी तिटकारा. सायलेन्सरला एवढंसं भोक पडलं तरी गाडी वेल्डिंगवाल्यापुढे उभी करी. इतकी हळू हाके की मागचे शिव्या घालत पुढे जात. संत्र्याला आंबिया बहार आला, दुतर्फा पांढरी फुलं दरवळू लागली, की हा बाबा आणखी हळू होई. का, तर सवाऱ्यांनी वास घ्यावा. दारूचा थेंब त्याला ठाऊक नव्हता.

गाडी पासिंगला न्यायची वेळ आली तेव्हा तिचे टायर पार गुळगुळीत झाले होते. माझ्याकडे तशीच जीप, टायर नवेकोरे. “अबे, एका दिवसाचं त काम हाय,” तो म्हणाला. “तुह्या गाडीचे दे, सांजच्याले परत लावून देतो.” आमच्याकडे हे सर्रास चाले, त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. सकाळी त्याच्या अंगणात मीच जॅक लावला, मीच पाना फिरवला. वहिनी नट ताटलीत गोळा करत होत्या. अमरावतीला आरटीओच्या साहेबांनी ब्रेक पाहिले, धूर पाहिला, इंजिनाचा आवाज ऐकून “गाडी छान ठेवली” म्हणाले. सांजेला आम्ही हसत हसत जुने टायर पुन्हा चढवले. हसत हसत! आज तेच आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

त्याच उन्हाळ्यात, भर दुपारी, मोर्शी रस्त्यावर पुढचा टायर फुटला आणि जीप कडुलिंबावर गेली. सवाऱ्या उतरवून तो एकटाच परतत होता. जागीच गेला. मी पोचलो तेव्हा त्या टायरचे दोरे उघडे पडलेले मला स्पष्ट दिसले. पंचनाम्याला पासिंगचा ताजा कागद निघाला. म्हणजे गाडी ठणठणीत, म्हणजे चूक चालवणाऱ्याची. पेपरात आलं, ‘भरधाव जीप झाडावर आदळली’. भरधाव! आणि पानठेल्यावर कोणीतरी पुढचं जोडलं, “पेलेला असन.” मी तिथंच उभा होतो. तोंड उघडलं तर आपणही अडकू, या भीतीनं गप्प राहिलो.

परवा अकोल्याहून परतलो तो थेट त्याच्या घरी गेलो. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी त्याचा फोटो. वहिनींनी पाणी दिलं. मी अडखळत सगळं सांगितलं: टायर, पाना, दोरे, पानठेला. वाटलं होतं, रडतील, नाहीतर घराबाहेर काढतील.

“भाऊजी, मले कावून सांगता?” त्या म्हणाल्या. “नट त मीच धरले होते. मले सारं ठाऊक हाय. पर मी सांगतलं त लोक म्हणतात, बायको हाय, नवऱ्याचीच बाजू घेईन. तिथं जाऊन सांगा, जिथं त्यायले बेवडा म्हणतात.”

तिथं जायला माझ्या घरून पाच मिनिटं लागतात. संध्याकाळी सगळे तिथंच असतात, आजही असतील. मी मात्र इथं टेबलाशी बसून हा लेख लिहिला, बहाराचा वाससुद्धा आठवून आठवून घातला, आणि त्यात ना त्याचं नाव आहे, ना माझं.