अहमदपूरच्या पुढची थरथर

भूकंपानंतर आईनं एक सवय लावून घेतली. झोपताना उशाशी पाण्यानं भरलेला तांब्या ठेवायचा आणि जाग आली की आधी त्यातलं पाणी हलतंय का ते बघायचं. तिचं माहेर किल्लारीच्या बाजूला होतं. होतं म्हणजे आता नव्हतं. आम्ही नांदेडात सुखरूप होतो, पण त्या शब्दावरून तिचा विश्वासच उडाला होता.

आणि अशा बाईच्या लेकीला आम्ही शिकवणीला ठेवलं कुठं, तर लातूरला! डॉक्टर व्हायचं तर लातूर गाठायचं, हे तेव्हा साऱ्यांच्या डोक्यात बसलं होतं. माझ्याही. धाकट्या बहिणीला तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली आणि रविवारी आईला तिच्याकडं न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. गाडी वडिलांच्या मागं उरलेली, जुनी अँबेसिडर.

अहमदपूरपर्यंत गाडी मुकाट चालायची. गाव मागं पडलं की पायाखालून थरथर सुरू व्हायची. आई पाय सीटवर घेऊन बसायची.

"जमीनच सांगून राहिली, लेकराला तिथं ठेवू नका."

मी चिडायचो. अलीकडचा रस्ता खड्ड्यांचा, गाडी वेगच घेत नसे. पलीकडं रस्ता सरळ, वेग वाढला की गाडीतलं दुखणं वर यायचं. इतकी साधी गोष्ट, पण आईला पटेल तर शपथ. शेवटी तिनं निर्वाणीचं सांगितलं, "पुढच्या खेपेला हादरली, तर पोरीला घेऊनच येणार."

चाकं बॅलन्स करून झाली होती, टायर मागचे पुढं करून झाले होते. मग वडिलांच्या जुन्या मिस्त्रीचाचांना शेजारी बसवून गाडी पळवली. थरथर सुरू होताच ते म्हणाले, "न्यूट्रल कर." इंजिनाचा आवाज खाली बसला. थरथर तशीच राहिली.

"इंजिन बेकसूर हाय. शाफ्ट बघावा लागंल."

गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडं जाणारा तो लांब दांडा. त्याच्या सांध्यातला अधिकच्या खुणेसारखा क्रॉस ग्रीसविना सुकला होता, भोवती तांबडी भुकटी जमली होती. चाचांनी नवा क्रॉस बसवला. मी खुशीत गाडी पळवली, तर आता आरसासुद्धा थरथरायला लागला. माझं डोकं फिरलं.

"चाचा, गाडी दुरुस्त करून राहिलात का माझी बहीण घरी आणून राहिलात?"

ते हसले नाहीत. पुन्हा गाडीखाली गेले. दांडा दोन भागांचा, दातांवर एकात एक सरकणारा. त्याच्या दोन्ही टोकांचे, क्रॉस धरणारे चिमटे एका रेषेत यायला हवेत.

"खोलताना निशाण केलं न्हाई. एक दात सरकला बघ. गलती माझीच हाय."

त्यांनी शाफ्ट काढला, तो दात जुळवला, खडूनं खूण केली. मग गाडी अशी पळाली की मला वडिलांचे दिवस आठवले.

रविवारी अहमदपूर मागं टाकलं. मी वेग वाढवला, आणखी वाढवला. आईनं पाय वर घेऊन मध्ये उशाचा तांब्या धरला होता. वळणावर पाणी डचमळायचं, पण थरथर म्हणून नव्हती. चाकूर आलं तेव्हा तिनं पाय खाली ठेवले.

"लई भ्याले होते रे," ती म्हणाली आणि हसली. तिचं हसणं मी कितीतरी दिवसांनी ऐकत होतो.

"राहू दे तिला. शिकू दे."

खोलीत बहीण गणितं सोडवत बसली होती. आईनं टेबलावर तांब्या ठेवला, तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "राहा गं बाई, आता माझी काही ना न्हाई."

तेवढ्यात तांब्यातल्या पाण्यावर बारीक बारीक वलयं उठली. खिडकीचे गज वाजायला लागले. आईनं माझ्याकडं पाहिलं.

"गाडी बंद केलीस ना रे?"

"केली."

बहिणीनं वहीतून मान वर न काढता तांब्याच्या तोंडावर तळहात ठेवला. "रोजचंच हाय, आई. थांबतंय आत्ता."

आईनं कॉटवरची गादी गुंडाळायला घेतली. माझ्याजवळ तिला द्यायला बरीच उत्तरं होती, पण ती सगळी गाडीबद्दलची. मी खाली गेलो आणि डिकी उघडली.