शनिवारचा ताणमुक्तीचा तास
लातूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी बायोलॉजी शिकवते. वीस वर्षांत बेडकानं जेवढे किस्से दिले नाहीत, तेवढे या एका तासानं दिले. एक सांगायला घ्यावा तर मागून चार निघतात.

तास माझ्याकडे आला कसा? शनिवारी माझा शेवटचा पिरियड ऑफ असतो. शिवाय माझ्या टेबलावर बीपीच्या गोळ्या असतात. त्यांच्याकडं बघत प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तुम्हाला अनुभव आहे."

पहिल्या तासाला मी पोरांना सांगितलं, डोळे मिटा, हळूहळू श्वास घ्या. हॉस्टेलची पोरं पहाटे चारला उठलेली. पाच मिनिटांत अख्खा वर्ग गाढ झोपला. मला उठवायचं जिवावर आलं. तेवढ्यात प्राचार्य दारात. वर्गाची शांतता बघून त्यांनी हातच जोडले. नेमकं तेव्हाच मधल्या बाकावर कुणीतरी घोरायला लागलं.

प्राचार्यांनी हळूच विचारलं, "हा कोणता प्राणायाम?"

"भ्रामरी, सर."

मग आम्ही तक्रारपेटी ठेवली. कशाचा ताण येतो ते चिठ्ठीवर लिहा, नाव लिहू नका, असं बजावलं. पेटी उघडली तर प्रत्येक चिठ्ठीवर रोल नंबर, तुकडी, बॅच. नाव मात्र कुणीच लिहिलं नव्हतं. शिस्त म्हणजे शिस्त. आणि निम्म्या चिठ्ठ्यांवर एकच मजकूर, 'या तासामुळं फिजिक्स बुडतं, त्याचा ताण येतो.'

निलंग्याकडचे एक पालक खास एसटीनं भेटायला आले. चेहरा पडलेला.

"म्याडम, शेजाऱ्याच्या पोरीला लई ताण हाय. जेवत न्हाई, झोपत न्हाई. आमचं पोरगं दोन टाइम जेवतंय, नऊला झोपतंय. कसं व्हायचं त्याचं?"

मी म्हटलं, "चांगलंच आहे की."

"चांगलं कसं? थोडा तरी येऊ द्या."

मी त्या पोराला, ओंकारला, बोलावलं. वडील बाहेर बाकड्यावर बसलेले. तो त्यांच्याकडं बघून म्हणाला, "मॅडम, त्यायनी माझ्या वाटचा घेतलाय ना. मी अजून कशाला घेऊ?"

मार्क नसले तर पोरं सीरियस होत नाहीत, असं प्राचार्यांना वाटलं. म्हणून ताणमुक्तीवर दहा मार्कांची टेस्ट झाली, निगेटिव्ह मार्किंगसकट. कॉलेजात पहिली येणाऱ्या मुलीला सात पडले. ती दुपारपर्यंत रडत होती.

प्राचार्य मला म्हणाले, "मॅडम, तिचा ताण कमी करा."

"करते सर, पण तो विषय तिचा कच्चा आहे."

आमच्या गणिताच्या बिरादार सरांना हा तास म्हणजे टाइमपास वाटायचा. स्टाफरूममध्ये मी काही सांगायला लागले की ते वह्या तपासायला घ्यायचे. एकदा मी इस्लापूरच्या शिल्पाबद्दल सांगत होते. हुशार मुलगी, सगळं तोंडपाठ. पण पेपर हातात आला की हात थरथरायचे आणि उत्तरपत्रिका कोरी राहायची. मी तिला विचारलं होतं, तुला शांत कुठं वाटतं? ती म्हणाली, "एसटीत, मागच्या सीटवर. इस्लापूर ते नांदेड. तिथं कोणी अभ्यास इचारत न्हाई."

बिरादार सरांनी मान वर केली नाही.

सोमवारी गणिताची सराव परीक्षा. वर्गावर मी आणि बिरादार सर. अर्धा तास झाला तरी शेवटच्या बाकावर शिल्पाचं पान कोरंच. पेन दोनदा खाली पडलं.

"हात लई थरथर करून राहिलेत, मॅडम," ती म्हणाली. डोळे भरलेले.

मी काही बोलणार तोच सरांनी हजेरीपट काखेत मारला, कानावर पेन अडकवलं आणि ते बाकांमधून तिच्यापर्यंत गेले. उभं राहताना एका हातानं खिडकीचा गज धरला.

"कुठं?"

शिल्पानं वर बघितलं. मग बारीक आवाजात म्हणाली, "इस्लापूर."

सरांनी कच्च्या कागदाचा तुकडा फाडला. "एक फुल."

"हाफ, सर. बायायला हाफच हाय."

सरांनी तुकड्याचे दोन भाग केले, एक तिला दिला, दुसरा स्वतःच्या खिशात ठेवला.

शिल्पानं डोळे पुसले, उत्तरपत्रिका जवळ ओढली आणि समास आखला. सर फळ्यापाशी गेले, न दिसणारी दोरी दोनदा ओढली आणि तोंडानं म्हणाले, "टिंग टिंग."