अतिशीत केंद्राचा प्रचारक

नाव: कमलाकांत शांतवन रणपिसे. वय बावीस. राहणार पालघर. उंची बेताची, आवाज मोठा. हुद्दा: शिकाऊ प्रचारक. नेमणुकीचे ठिकाण: करवंदपाडा, जव्हारपलीकडील डोंगर. केंद्राची वर्गवारी: अतिशीत. मिशनतर्फे दिलेले सामान: घंटा, पाट्या, खरजेचे मलम आणि परदेशी लोकरी ओव्हरकोट, नग एक. सदर ओव्हरकोट थंडी सरताच मूळ स्थितीत परत करण्याची जबाबदारी प्रचारकावर राहील.

‘अतिशीत’ हा शेरा पालघरच्या मिशन कचेरीत, पंख्याखाली बसून मारलेला होता. पालघरला थंडी म्हणजे नाताळच्या आसपासच्या दोन-चार संध्याकाळी. तेवढ्यापुरते लोक मफलर काढतात, त्याचा डांबरगोळ्यांचा वास गेला की परत ठेवून देतात. त्यामुळे आधीचे दोन प्रचारक एकेक हिवाळासुद्धा पुरा न करता डोंगर उतरून आले, तेव्हा कचेरीने सगळा दोष हवामानावर टाकला आणि १९६३च्या नोव्हेंबरात कमलाकांतला कोट देऊन वर पाठवलं. पर्यवेक्षक शिनगारेसाहेबांनी निघतानाच सांगून ठेवलं होतं की जानेवारीअखेर ते स्वतः येऊन पाहतील. पाड्याला प्रचारक नको असेल तर केंद्र बंद, आणि कमलाकांतने खाली येऊन बाजारातल्या मिशनच्या पुस्तकांच्या दुकानात बसायचं.

हे दुकान कमलाकांतला चांगलंच माहीत होतं. तिथे दिवसभरात येणारं सगळ्यात नियमित गिऱ्हाईक म्हणजे शेजारच्या वखारीतलं मांजर. शिवाय त्याचे वडील मिशनच्या बागेत माळी. मुलगा डोंगरावर मोठ्या कामगिरीवर गेला आहे, ही बातमी त्यांनी चिंचणीच्या मावशीपर्यंत पोचवलेली होती. ती परत गोळा करणं अवघड होतं.

कोट ज्या कोणा परदेशी भाविकाने दान केला होता, तो किमान सहा फुटी असावा. कमलाकांत तो घालून चालला की मागून पाहणाऱ्याला वाटे, कोट एकटाच फिरायला निघाला आहे.

दिनक्रम असा. उजाडताना उठायचं. मडक्यातल्या पाण्याकडे पाहायचं. आंघोळीचा विचार दुपारवर ढकलायचा. मग पत्र्याच्या छपराच्या एकखोली केंद्रासमोर घंटा वाजवायची आणि प्रार्थनेला लोक येण्याची वाट पाहायची. कोणी येत नसे. समुद्रकाठच्या हवेत वाढलेल्या माणसाच्या दाढा वाजायला लागल्या, की कमलाकांत सगळी उपासना एकट्यानेच उरकायचा, आणि ती थंडीमुळे फार झपाट्याने उरकायची.

चमत्कार हा की पाड्यावर कोणाचा विरोध म्हणून नव्हता. सगळा पाडा सकाळी बुधीच्या अंगणात मोठ्या शेकोटीभोवती बसलेला असे. ऊन वर आल्याशिवाय कोणी कामाला हलत नसे. कमलाकांत तिथे जाई. लगेच त्याला उबेतली, धुराच्या उलट बाजूची जागा मिळे. उद्या प्रार्थनेला या, असं तो सांगे. हां, येऊ, असं सगळे म्हणत. मुलांना पाटी शिकायला पाठवा. हां, धाडू. खरूज झाल्यावर रोज मलम लावा. हां, लावू. इतकी एकमुखी संमती पालघरच्या चर्चमध्ये त्याने कधी पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी घंटा ऐकणारा तोच एकटा.

बुधी म्हातारी होती, दात कमी आणि शेळ्या बऱ्याच. एका सकाळी बाकीचे उठून गेल्यावर कमलाकांत निखाऱ्यांपाशी तसाच बसून राहिला. शेवटी त्याने तिला विचारलंच, की लोक कबूल करतात आणि येत नाहीत, हे काय आहे?

बुधीला प्रश्नच कळेना. “पाहुन्याला नाय कोन म्हनंल?” ती म्हणाली.

मग उलगडा झाला. त्या अंगणात सकाळी येणारा प्रत्येक जण काखेत एक लाकूड घेऊन येई आणि आगीत टाकून मग बसे. लाकूड टाकलं की तो घरचा. न टाकता बसला तो पाहुणा. पाहुण्याला चांगली जागा द्यायची, त्याचं सगळं हसून ऐकायचं, कशालाही नाही म्हणायचं नाही. तो आपल्या गावी गेला की विषय मिटला. आधीचे दोन प्रचारकही असेच आदराने, होकार ऐकत ऐकत परत गेले होते.

“तुमी आलात त्या दिसापासून पाहुनेच हाय,” बुधी म्हणाली. “कोट भारी हाय, पन लाकूड नाय.”

दुसऱ्या दिवशी कमलाकांत कोट सावरत, काखेत ओंडका धरून आला. ओंडका त्याने ओढ्याकाठून आणला होता. हलका होता म्हणून निवडला. तो ओला पांगारा होता. आगीत पडताच त्याने जो धूर सोडला, त्यात समोरची रांग दिसेनाशी झाली. खोकून खोकून म्हातारे उठले, शेळ्या दावं तोडायला लागल्या. आणि धुरातून महादूचा आवाज आला. महादू पाड्यातला सगळ्यात मऊ बोलणारा माणूस; आजवर कमलाकांतला त्याने ‘हां’खेरीज शब्द ऐकवला नव्हता. त्याने आता कमलाकांतच्या अकलेविषयी, डोळ्यांविषयी आणि पालघरला चुलीत काय घालतात याविषयी तब्येतीत विचारणा केली. मग दुसऱ्याने केली. मग बायकांनी. कमलाकांतचे डोळे वाहत होते, आणि ते सगळं धुरामुळेच होतं असं सांगता येणार नाही.

त्या दिवसापासून त्याचे हाल संपले, किंवा नव्याने सुरू झाले. घंटा कानाला टोचते, ती वाजवू नको, असं त्याला सांगण्यात आलं. प्रार्थना करायची तर इथे आगीपाशी कर, पण आखूड कर. त्याने हरवलेलं मेंढरू शोधणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट सांगितली, तेव्हा एका जनावरापायी बाकीचा कळप रानात सोडून जाणाऱ्याला आपण कामावर ठेवणार नाही, असं बुधीने स्वच्छ सांगितलं आणि त्यावर ऊन वर येईस्तोवर वाद झाला. मलमाला घाण वास येतो, अशी तक्रार आली. म्हणजे कोणीतरी ते लावत होतं. पाट्यांभोवती पोरांपेक्षा बायाच जास्त जमायला लागल्या. आणि कमलाकांत लाकूड ओळखायला शिकला, निदान पांगारा तरी.

जानेवारी संपता संपता शिनगारेसाहेब आले. आदल्या संध्याकाळीच जव्हारला मुक्काम करून, कानटोपी, हातमोजे आणि दोन स्वेटर अशा तयारीने सकाळी पाड्यावर पोचले. केंद्राला कुलूप, घंटा गप्प. माणूस शोधत ते बुधीच्या अंगणात आले, तेव्हा त्यांचा प्रचारक मांडी घालून बसला होता, आणि महादू त्याला भाकरी करपवल्याबद्दल झापत होता.

साहेबांना उबेतली जागा मिळाली. ते बसले, हात शेकले आणि फार प्रेमाने बोलले. म्हणाले, हा मुलगा अननुभवी आहे, इथली थंडी त्याला सोसत नाही, तुम्हालाही त्याचा त्रास होतोय हे आत्ताच पाहिलं. तेव्हा त्याला मी खाली घेऊन जातो. चालेल ना?

“हां, साहेब,” महादू म्हणाला.

“हां,” सगळे म्हणाले. इतकं गोड, की साहेबांना भरून आलं.

साहेब, हा होकार होकार नाही, हे सांगायला कमलाकांतने तोंड उघडलं खरं. पण ते ऐकून कोणता पर्यवेक्षक विश्वास ठेवील? त्याला दुकान दिसायला लागलं, मांजरासकट.

बुधी उठली. ढिगातलं खैराचं एक वाळकं लाकूड उचलून तिने साहेबांच्या हातमोजे घातलेल्या हातात ठेवलं. “टाका,” ती म्हणाली.

साहेबांना वाटलं, हा काही सन्मानाचा विधी असावा. ते उभे राहिले, कानटोपी काढली आणि लाकूड आगीत ठेवलं. चांगलं पेटलं.

“आता इचारा,” बुधी म्हणाली.

साहेब गोंधळले, पण विचारलं. याला घेऊन जाऊ ना?

“नाय,” महादू म्हणाला.

“नाय,” सगळे म्हणाले, आणि मग एकदमच बोलायला लागले. पोराला येत काहीच नाही, पण आता कुठे लाकूड आणायला शिकलाय. तुमी दुसरा धाडाल, त्याला परत पहिल्यापासून कोण शिकवील? बाया म्हणाल्या, अर्धी बाराखडी राहिलीय. एकाने साहेबांना, तुमी सरकून बसा, वारा अडतोय, असंही सुनावलं. गेल्या कित्येक वर्षांत शिनगारेसाहेबांशी असं कोणी बोललं नव्हतं. ते सरकून बसले. मग हसायला लागले, ते बराच वेळ. दुपारच्या एस.टी.ला एकटेच खाली गेले.

पालघरच्या दप्तरी नोंद झाली ती अशी: केंद्र करवंदपाडा, वर्गवारी अतिशीत, चालू ठेवणे. प्रचारक रणपिसे, कायम. सदरहू ओव्हरकोट, नग एक, मूळ स्थितीत अद्याप जमा झालेला नाही, तरी प्रचारकाने खुलासा करावा.

कोटाच्या दोन बाह्या बुधीच्या दोन करडांच्या अंगात आहेत.