बेंड पाइपवरचा निळा

थांबाजींचं खरं नाव घड्याळवाल्याला शेवटपर्यंत कळलं नाही. बावीस वर्षं दोघांची दुकानं भिंतीला भिंत लावून होती. भिंतही अशी पातळ, की पलीकडे पॉलिशचं चाक फिरू लागलं की इकडे काउंटरवरचे बारीक स्क्रू आपोआप सरकायचे. पण तो माणूस मूळचा कुठला, त्याला भावंडं किती, एकटा असला की काय करतो, यातलं काही घड्याळवाल्याला सांगता आलं नसतं. विचारलं असतं तर थांबाजींनी सांगितलंही असतं कदाचित. पण घड्याळवाल्याचा स्वभाव असा, की रस्त्यावरच्या कुणी किती वाजले विचारलं तरी तो दोन घड्याळं बघून मग उत्तर द्यायचा. असा माणूस दुसऱ्याच्या चौकश्या काय करणार?

ठाऊक होतं ते एवढंच. थांबाजी मोटारसायकलींचे तापून निळे पडलेले पाइप पुन्हा चकचकीत करून देत. गिऱ्हाईक गाडी स्टँडवर लावतं न लावतं तोच ते म्हणत, "थांबा." म्हणून हे नाव. मग गाडीपुढे उकिडवे बसत आणि इंजिनातून निघून खाली वळणारा बेंड पाइप नुसता बघत राहत. हात लावत नसत. निळा रंग इंजिनापासून चार बोटांत संपला, तर गाडीचं वय झालंय, एवढाच त्याचा अर्थ. असा पाइप ते पेस्ट लावून तासाभरात आरसा करून देत. पण निळा जर वळण ओलांडून खाली उतरला असला, तर हातातलं फडकं खांद्यावर टाकून उठत.

"हा मळ नाही. हिला ताप आहे. आधी मेकॅनिकला दाखवा, मग माझ्याकडे या."

गिऱ्हाइकं वैतागत. "अहो, पाइप पुसायला सांगितलाय, तब्येत विचारायला नाही!"

"मी पुसला की मेकॅनिकला काय दिसणार, कपाळ?"

पेट्रोलमध्ये हवा जास्त मिसळली की इंजिन आतून भाजून निघतं, आणि ते बाहेर कुणाला कळतं तर फक्त त्या पाइपला, असं त्यांचं म्हणणं. रंग पुसून टाकणं म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवणं. हा नेम त्यांनी बावीस वर्षांत एकदाच मोडला, आणि तो मोडताना घड्याळवाला तिथेच उभा होता.

त्या दिवशी साडेदहाच्या सुमाराला थांबाजींची मुलगी आली. आठ महिन्यांनी. आठ महिन्यांपूर्वीचं भांडण घड्याळवाल्याने भिंतीतून ऐकलं होतं, म्हणजे कान बंद करता येत नाहीत म्हणून ऐकलं होतं. तिला गाडी घ्यायची होती, तर थांब. तिला दुसऱ्या गावी नोकरी बघायची होती, तर थांब. शेवटी ती म्हणाली होती, "गिऱ्हाइकांना थांबवता तेवढं पुरे. मला नका थांबवू, बाबा." आणि निघून गेली होती, ती गाडीही घेऊन मोकळी झाली होती.

आता ती गाडी दुकानापुढे उभी होती.

"बाबा, मला वेळ नाहीये," ती हेल्मेट न काढताच म्हणाली. "तीन वाजता रुजू व्हायचंय, डोंगरापलीकडच्या ऑफिसात. उशीर झाला तर यादीतला पुढचा घेतील. पण हा पाइप बघा ना कसा दिसतोय. पहिल्याच दिवशी असली गाडी घेऊन जायचं... तासाभरात होईल?"

घड्याळवाल्याला वाटलं, आता "थांब" येणार. त्याने मान खाली घातली. पण थांबाजींनी तो शब्द उच्चारला नाही. त्यांनी चहा मागवला. पाइप निवेपर्यंत तिला स्टुलावर बसवलं, वाळली आहेस म्हणाले, डबा करतेस की बाहेर खातेस ते विचारलं, आणि मग पेस्ट घेऊन गाडीपाशी बसले ते थेट घासायलाच लागले. हात पाइपवर आणि डोळे लेकीच्या तोंडावर. तीही हसत काहीबाही सांगत होती. इतका मोठा आवाज त्या दुकानातून पूर्वी कधी आला नव्हता, निदान हसण्याचा तरी नाही.

साडेअकराला ती गेली. कोपऱ्यावर वळेपर्यंत थांबाजी रस्त्यात उभे होते. मग फडक्याला हात पुसत घड्याळवाल्याच्या दारात आले. चेहरा स्वतःच पॉलिश करून घेतल्यासारखा.

"कसा झाला होता हो पाइप?"

"आरसा," घड्याळवाला म्हणाला. "नाहीतर आधी केवढा निळा होता."

थांबाजींचा हात फडक्यात तसाच राहिला.

"केवढा?"

"म्हणजे... बराच. तुम्ही बघितलाच असेल की."

"नाही बघितला," थांबाजी म्हणाले. "मी तिच्याकडे बघत होतो."

मग थांबाजी आत आले आणि काउंटरला दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

"आठवा. चार बोटं होता, की वळण ओलांडून खाली?"

कुणी घड्याळवाल्याच्या आठवणीवर काही ठरवायचं म्हटलं, की होतं तेही आठवेनासं व्हायचं. "वळणाखाली असावा. नक्की नाही सांगता यायचं. मी आपला सहज..."

"सहज नको. ती आता घाट चढणार. दीड तासाचा चढ, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून. इंजिन आतून भाजत असेल तर तिथेच जाम होतं. मागचं चाक जागच्या जागी अडकतं आणि गाडी माणसाला फेकून देते." ते थांबले. "माझ्या भावाच्या गाडीचा पाइप मीच पुसला होता."

त्यांना भाऊ होता हे घड्याळवाल्याला त्या क्षणी कळलं. पुढचं विचारायची ती वेळ नव्हती, आणि नंतर कधी त्याचा धीर झाला नाही.

थांबाजींनी मुलीला फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला. गाडी चालवताना ती फोन घेत नसे, आणि हे तिला शिकवणारे तेच होते.

"आणि तसं काही नसलंच तर?" ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "आज तिला अडवलं, नोकरी हुकली, आणि निघालं काय, तर चार बोटं निळा. मग ती माझ्या दारात पाऊल ठेवायची नाही. सांगा हो. डोळे मिटा, पण सांगा."

घड्याळवाल्याने खरंच डोळे मिटले. सकाळी एक स्प्रिंग उडून बाहेर पडली होती, ती शोधायला तो गाडीच्या बाजूला वाकला होता. स्प्रिंग मिळाली होती. आणि मान वर करताना पाइप दिसला होता. तेव्हा त्याच्या मनात काहीतरी आलं होतं. काय आलं होतं?

काटे. घड्याळाचे काटे.

उमेदवारीच्या काळात तो पोलादी काटे तापवून निळे करायला शिकला होता. पितळेच्या पत्र्यावर काटा ठेवायचा, खाली ज्योत धरायची आणि डोळ्यांत तेल घालून बघायचं. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग तो निळा. त्या क्षणी उचलला तर काटा झाला. चुटकीभर उशीर झाला की निळा उडतो, राखाडी होतो, काटा वाया. असे किती काटे वाया घालवून त्याने उस्तादाची बोलणी खाल्ली होती.

"राखाडी," तो डोळे न उघडताच म्हणाला. "इंजिनाजवळ निळा नव्हताच. तिथे जळून राखाडी झाला होता. निळा त्याच्या खाली होता, वळणावर, आणि वळणाच्या खालीही. काटा असता तर फेकून द्यावा लागला असता, असं आलं होतं माझ्या मनात."

"नक्की?"

हा शब्द त्याला आयुष्यभर नडला होता. "आता... मला तरी तसं..."

"पाइप आता कोरा आहे," थांबाजी एकदम म्हणाले. "ताप असेल तर कोऱ्या पाइपवर दहा-पंधरा मैलांत पुन्हा चढतो. घाटाच्या पायथ्याला कुणी नुसतं बघून सांगितलं तरी पुरे. तिथे ती पेट्रोल भरेल, पुढे पंपच नाही. पण तिथे आपलं ओळखीचं कोण?"

घड्याळवाला न बोलता ड्रॉवर उपसू लागला. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक घड्याळाला तो चिठ्ठी बांधायचा, त्यावर मालकाचा धंदा आणि फोन. दोन डबे उलटे झाले. तिसऱ्यात ते सापडलं, काच तडकलेलं, जाड पट्ट्याचं: "पायथ्याचा पंप, दुपारची पाळी."

फोन लगेच उचलला गेला. "बोला काका! झालं का घड्याळ? तीन आठवडे अंदाजाने जेवतोय मी."

"नाही झालं. म्हणजे होईल. एक काम होतं." घड्याळवाला अडखळत म्हणाला. "एक मुलगी येईल. लाल गाडी. पाइप नवाकोरा चकचकीत. तर... त्या पाइपचा रंग बघून सांगशील का? इंजिनापासून वळणापर्यंत."

"रंग?" पंपवाला म्हणाला. "काका, ऊन लागलंय का?"

थांबाजींनी फोन ओढून घेतला. "मी तिचा बाप. जाऊ देऊ नकोस, एवढंच. आधी बघ, मग आम्हाला सांग."

आवाजातलं काय ते पंपवाल्याला कळलं असावं. थट्टा थांबली. "बघतो," तो म्हणाला.

मग वाट बघणं आलं. दुकानात एकोणतीस घड्याळं चालू होती आणि दोन सोडली तर प्रत्येकाची वेळ वेगळी. एरवी घड्याळवाल्याला त्या टिकटिकीत झोप लागायची. आज प्रत्येक घड्याळ त्याच्या कपाळावर वाजत होतं. आपण चुकलो असलो तर? राखाडी ही नुसती धूळ असली तर? थांबाजी दारात पाठमोरे उभे होते. एक गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं. ते नुसता हात वर करून उभे राहिले. गिऱ्हाईक निघून गेलं.

बारा वाजून बारा मिनिटांनी फोन वाजला. घड्याळवाल्याने उचलला.

"आलीये," पंपवाला हळू आवाजात म्हणाला. "टाकी भरून झाली. सायलेन्सर तर तोंड बघून घ्यावं असा आहे."

"मागचं नको. पुढे वाक. इंजिनाखाली."

खरखर झाली. मग पंपवाल्याचा सूर पडला. "काका, हा निळा आहे. वांग्यासारखा. वळणाच्या खाली वीतभर. आणि वरती इंजिनाजवळ... कसं सांगू, शेगडीतल्या राखेसारखा."

घड्याळवाल्याने थांबाजींकडे बघून मान हलवली. थांबाजी काउंटरजवळच्या पेटीवर बसले.

"तिला फोन दे," घड्याळवाला म्हणाला.

"हॅलो?" मुलीचा आवाज तापलेला होता. "काय चाललंय हे? बाबांनी सांगितलंय ना? मला ठाऊकच होतं. द्या त्यांना."

थांबाजी दोन्ही हातांनी नको नको करत होते. त्यांच्या तोंडून ती ऐकणार नाही, हे त्यांना कळत होतं आणि घड्याळवाल्यालाही. त्याने घसा साफ केला.

"त्यांनी नाही. मी सांगतोय. गाडी पुढे नेऊ नकोस, बाळ."

"काका, तुम्हाला गाडीतलं काय कळतं?"

"काही नाही. पण तापून निळं झालेलं पोलाद मी पन्नास वर्षं बघतोय. मघाशी बापाने पुसलेला पाइप तुझ्यापुढे आहे, तासही झाला नाही. वाकून बघ आणि तूच सांग."

फोनमधून वारा ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "हे मघाशी नव्हतं." आवाज लहान झाला होता. "पण काका, तीन वाजता..."

मागून पंपवाला ओरडला, "अहो ताई, हा टँकर रिकामा होऊन पलीकडेच चाललाय! ड्रायव्हर माझा साडू आहे, बोलतो फार तेवढं सोडलं तर माणूस चांगला. चढा! गाडी मी सांभाळतो!"

घड्याळवाल्याने न विचारताच फोन थांबाजींच्या कानाला लावला. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"जा," ते म्हणाले. "पोचलीस की कळव."

दोन वाजून पन्नास मिनिटांनी तिने कळवलं. मधल्या वेळात थांबाजींनी एकही गाडी घेतली नाही आणि घड्याळवाल्याने पंपवाल्याच्या घड्याळाची काच बदलली, ती तीनदा वाकडी बसली.

पुढच्या रविवारी ती आली आणि तिने आधी घड्याळवाल्याच्याच काउंटरवर एक काळं रबर ठेवलं. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या मधलं. पायथ्याच्या मेकॅनिकने काढून दिलं होतं. घड्याळवाल्याने डोळ्याला भिंग लावलं. केसाएवढी चीर, पण आरपार. तेवढ्यातून हवा आत जात होती.

"बाबा म्हणाले, तुम्हाला दाखव. म्हणाले, आपल्या गल्लीत डोळे असलेला माणूस एकच आहे."

तो काहीतरी पुटपुटला आणि स्क्रू शोधू लागला, जो हरवलाच नव्हता.

त्यानंतर थांबाजी कधीमधी भिंतीवर दोनदा टकटक करत. म्हणजे बाहेर या, एक पाइप बघायचाय. दोघं म्हातारे गाडीपुढे उकिडवे बसत. थांबाजी काही बोलत नसत. घड्याळवाला म्हणे, "चार बोटं," किंवा "खाली उतरलाय," आणि गिऱ्हाइकाला तेवढं सांगितलं जाई. असं पाच वर्षं चाललं. तेवढ्यात फारतर शंभर वाक्यं बोलली गेली असतील, आणि तीही पाइपांविषयीच.

थांबाजी गेले, त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी शटर ओढलं, कुलूप लावलं आणि जाता जाता घड्याळवाल्याच्या दारात थांबले.

"आज एक गाडी आली होती, उद्या सकाळी परत येणार आहे. मला तो निळा जरा फसवा वाटतोय. बघाल?"

"बघतो की."

"भिंग आणा."

"आणतो," घड्याळवाला म्हणाला.