मेंढ्यांच्या दारी लांडगे

साताऱ्याच्या स्टँडवर दादाने माझी बॅग बसमध्ये ठेवली आणि स्वतः खाली उतरला. "मी येणार नाही," तो खिडकीतून म्हणाला. "आडनाव ऐकून तोंड वाकडं करणाऱ्यांच्या दारात लांडगे जात नाहीत."

"अरे, मग मी कोण आहे?"

"तू आत्या आहेस," तो म्हणाला, केळ्यांची फणी माझ्या मांडीवर टाकली आणि मागे न बघता निघून गेला.

प्रकरण असं होतं. दादाचा मुलगा ओंकार अमरावतीत, राजापेठेतल्या एका क्लासमध्ये गणित शिकवतो. तिथेच जीवशास्त्र शिकवणारी प्राची त्याला आवडली आणि तिलाही हा आवडला, आता का ते तिलाच ठाऊक. पत्रिका जुळली, उंची जुळली. अडलं ते आडनावावर. आम्ही लांडगे आणि ते मेंढे. घरातला शेवटचा शब्द प्राचीच्या आजोबांचा, आणि त्यांनी निरोप धाडला होता की मेंढ्याची पोरगी लांडग्याच्या घरात जाणार नाही. त्यांचं मन वळवायला मला पाठवलं होतं. जमलं नाही तर ओंकारचं काही खरं नव्हतं. फोनवर त्याचा आवाज आठवडाभर शिळ्या भाकरीसारखा येत होता.

पुण्याहून गाडी धरली. सकाळी समोरचे काका जागे होऊन ओरडले, "उतरा उतरा, आलं!" मी बॅग घेऊन उतरले. काकांचं गाव आलं होतं, माझं नाही. अकोल्याच्या फलाटावर मी आणि केळी उरलो आणि मला जिथे उतरायचं होतं त्या बडनेऱ्याकडे गाडी चालती झाली. काकांनी मात्र मनापासून हात हलवला.

चला, निदान अकोला तरी पाहू, म्हणून स्टँडवर गेले आणि आलुबोंडा-रस्सा मागवला. आलुबोंडा म्हणजे आपला बटाटेवडा. पण इकडे त्याला लालभडक रश्शात बुडवून देतात आणि तो खाणाऱ्यालाही बुडवतो. माझ्या डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहायला लागलं. गाडीवाला म्हणाला, "काहून रडून राहिल्या बाई? तिखट तं टाकलंच नाई अजून!"

अमरावतीच्या बसमध्ये शेजारी एक काकू होत्या. मांडीवर सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) जुड्या. वऱ्हाडात चौकशी आडून आडून करत नाहीत, समोरून करतात.

"कोनाइथं जाऊन राहिल्या जी?"

"नांदगाव खंडेश्वरला, मेंढ्यांकडे. सोयरिकीचं आहे."

"हाव का! पोरगं कोनाचं?"

"लांडग्यांचं."

काकूंनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि मग पुढच्या सीटला हाक दिली, "अवं, ऐकलं का? मेंढ्याइच्या घरी लांडगा जावई चालला!" बस हसायला लागली. कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "लांडगा कोनत्या सीटवर हाय? त्याचं फुल तिकीट लागते." मीही हसले, पोट धरून हसले. मूर्तिजापूर गेलं तरी कुणी ना कुणी मधेच 'बॅ' करत होतं. मग मात्र माझं हसू ओसरलं. आपण तासाभराने उतरून जाऊ, पण त्या आजोबांना हे जन्मभर ऐकावं लागणार.

ओंकार स्टँडवर आला होता. वाळला होता मेला. राजापेठेत गर्दीतून स्कूटर घालत त्याने मला गिलावडा (इथला दहीवडा) खायला नेलं, स्वतः मात्र चमच्याने दही उकरत बसला. "आत्या, त्यांनी नाही म्हटलं तर?" मी म्हटलं, "तर दुसरा गिलावडा मागव. आधी हा संपव."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नांदगावकडे निघालो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी जमीन, फुटलेला कापूस, शेंगांनी वाकलेली तूर. मेंढ्यांच्या शेतात आमच्यासाठी रोडग्यांचा बेत होता. रोडगा म्हणजे कणकेचा जाड गोळा. तो गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा, राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचा आणि वांग्याच्या भाजीशी खायचा. निंबाखाली बाजेवर आजोबा बसले होते. त्यांना सगळे आबाजी म्हणतात. उंच, सडसडीत, मिशा अशा की त्यांना मेंढे म्हणायला जीभ वळू नये.

"या. सासरकडून कोन म्हना तुमी?" हा पहिलाच प्रश्न.

मी खाली बघून सांगितलं, "शेळके."

आबाजींनी कपाळाला हात लावला. "पाहा! लांडग्याची शेळी झाली. अन् लोकं म्हनतात असं गोष्टीतच होते."

प्राची निखाऱ्यांपाशी रोडगे उलटत होती. तिने हसू दाबलं, पण तिचे खांदे हलत होते.

मग आबाजींनी आम्हाला गोष्ट सांगितली. त्यांच्या शेतात मेंढरं बसवायला (खतासाठी रात्री मुक्कामाला) येणाऱ्या धनगरांची ही गोष्ट. दोघे भाऊ होते. बाप मेला, तसा थोरल्याने सारी मेंढरं आपल्या वाड्यात घातली आणि धाकट्याला जेवत्या ताटावरून उठवलं. धाकटा चालता चालता वाकला, हात टेकले, अंगावर केस आले, लांडगा झाला. "म्हनून लांडगा चोरी नाई करत," आबाजी म्हणाले. "थो आपला वाटा नेते." पुढे एका संध्याकाळी तो थोरल्याच्या दाराशी आला. भावजय घाबरली नाही. तिने भाकर पुढे ठेवली अन् म्हणाली, 'भाऊजी, जेवा.' ते ऐकलं आणि त्याचं शेपूट गळून पडलं, तो पुन्हा माणूस झाला. "शेपूट नाई थो लांडा. त्याचेच तुमी लांडगे. थोरल्याचे आमी मेंढे." त्यांनी बोट उगारलं. "पन शेपूट गळलं, दात नाई गळले!"

मी म्हटलं, "आबाजी, मला एक सांगा, त्याला लांडगा केला कोणी?"

"कोनी म्हनजे?"

"वाटा तुम्ही खाल्ला आणि दात आमचे मोजता?"

आबाजींनी मिशीवरून हात फिरवला आणि एकदम खरं बोलले. "हे पाहा बाई, गोष्ट गेली उडत. पोरगं चांगलं हाय, मले दिसते. पन लगनाच्या पत्रिकेत लांडगे अन् मेंढे आजूबाजूले आले, का अख्खं नांदगाव हासन. मी मेलो तरी तिरडीमागून हासन. या पोराले म्हना, आडनाव बदलव. उद्या लगन लावून देतो."

ओंकार, आमचा वाघ, लगेच म्हणाला, "बदलतो."

माझ्या घशात रोडगा अडकला. दादाला हे कळलं असतं तर साताऱ्यात भूकंप झाला असता. खरं सांगते, त्या क्षणी मला भाच्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि त्याला पोटाशीही धरावंसं वाटलं.

प्राचीने हातातला चिमटा खाली ठेवला. "तू बदलवून तं पाहा," ती ओंकारला म्हणाली, "मी लगनच नाई करत." मग आजोबांकडे वळली. "आबाजी, क्लासातल्या पोट्ट्यांनी फळ्यावर लांडगा काढला, त्याच्या बाजूले मेंढी काढली. मी नाई पुसलं. मेंढीचे पाय चुकले होते, थे नीट करून देल्ले. पोट्टे चार दिवस हासले, मंग गुपचूप वह्या काढल्या. अन् आयकून ठेवा, लगन झालं तरी मी मेंढेच राहीन. दारावर दोन पाट्या लावीन."

"दोन पाट्या!" आबाजी उठून उभेच राहिले. ओंकारच्या स्कूटरवर संत्र्यांचं पोतं लादायला सांगितलं, मला हात जोडले, ओंकारकडे बराच वेळ पाहिलं आणि तुरीत निघून गेले. हो नाही आणि नाहीही नाही. संत्री मात्र गोड होती.

परतीच्या गाडीत मी संत्री सोलत बसले. परदेशी गोष्टींत म्हणे चंद्र उगवला की माणसाला केस फुटतात आणि त्याचा लांडगा होतो. आबाजींच्या गोष्टीत चंद्राचा काही संबंध नव्हता. पंगतीतून उठवलं की लांडगा, बसवलं की माणूस, एवढाच तो चमत्कार. आणि तो कुणीही कुणावरही करू शकतं, रोज. मग मनात आलं, मला लांडग्याची शेळके केली तेव्हा मांडवात पेढे वाटले होते; मला हवं आहे का, हे विचारल्याचं काही आठवेना. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. प्राचीचा मला हेवा वाटला, चांगला सणसणीत हेवा.

घरी येऊन काही दिवस गेले. ओंकारचा फोन आला की मी आधी त्याचा आवाज ऐकायची, मग शब्द. मग एका सकाळी चहाच्या वेळी अनोळखी नंबर वाजला.

"बाई, आबाजी बोलून राहिलो. पत्रिका छापाले टाकली."

मी हातातला कप खाली ठेवला.

"आडनावं मोठ्या अक्षरात टाकाले सांगतली," ते म्हणाले. "हासनाऱ्याले लांबून दिसली पाहिजेत. गावातल्यायले मीच घरोघरी जाऊन देतो, म्हनतो, घ्या, हासा आता." आणि स्वतःच असे हसले की मला फोन कानापासून दूर धरावा लागला. "बरं, एक राहिलं. तुमचं नाव कोनतं टाकू? शेळके का लांडगे?"

समोर शेळके चहात बिस्कीट बुडवत बसले होते.

"लांडगे टाका," मी म्हटलं. "मोठ्या अक्षरांत."

शेळक्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बिस्किटांची बशी हळूच स्वतःकडे ओढून घेतली.