परत म्हणून दाखवा

माझ्या नणंदेला घरात सगळे मुकी म्हणायचे. मुकी ती नव्हती. छान बोलायची, पण फक्त माझ्याशी आणि तेही स्वयंपाकघरात, नळ सोडून. दुकानात वस्तूकडे बोट दाखवायची. फोन वाजला की तिचे हात ओले असायचे. नाइलाजानं उचललाच, तर पहिला शब्द "माफ करा".

तिचा सख्खा भाऊ, म्हणजे माझा नवरा, गॅरेजात कामाला होता आणि मला मारायचा. तो पीत नव्हता. मुद्दाम लिहिते, कारण लोकांना ते कारण हवं असतं. मी बोलले तर त्यासाठी, गप्प बसले तर त्यासाठी. केस धरून डोकं भिंतीवर आपटताना त्याचा श्वाससुद्धा चढत नसे. गंजलेला नट सोडवावा तसं सगळं शांतपणे चालायचं. शेजारी टीव्हीचा आवाज वाढवायचे.

लग्नाच्या चौथ्या वर्षी एका दुपारी त्यानं माझ्या डाव्या कानशिलात लोखंडी पाना घातला. मी खाली पडले. कानातून गरम गरम मानेवर उतरत होतं. तेव्हा नणंदेनं न्हाणीघरात लपून पोलिसांना फोन लावला. "माफ करा, त्रास देते... आमच्याकडे जरा..." एवढं बोलून तिनं इमारतीचा नंबर सांगितला आणि समोरचा काही विचारायच्या आत फोन ठेवून दिला. आमच्या नंबराच्या दोन इमारती आहेत, रस्त्यावरची आणि तिच्यामागची. आम्ही मागच्या. पोलीस पुढच्या इमारतीत चार दारं ठोठावून परत निघाले. ती खिडकीत उभी होती. हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. त्या संध्याकाळी त्यानं मला आणखी एकदा मारलं. माझा डावा कान कायमचा गेला.

"वहिनी, तुमचा कान माझ्यामुळे गेला."

"पान्यामुळे गेला, वन्सं."

तिला ते पटलं नाही.

महिन्याभरात ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला लागली. तळघरात मोठमोठे ड्रम धडधडत असायचे आणि वरून रक्तानं ताठरलेल्या चादरी यायच्या. वॉर्डांचे फोन घ्यायच्या खुर्चीवर कुणी बसायला तयार नसे, कारण चादर वेळेत पोचली नाही की वरचे लोक आईबापाचा उद्धार करत. हिनं ती खुर्ची मागून घेतली. मुकादमीण धिप्पाड बाई, तिला सगळे भोंगा म्हणायचे. तिनं पहिल्याच दिवशी बजावलं, "माफी कसली मागतेस? तू फाडलीस त्यांची चादर? आधी जागा, मग काम. पोटातून बोल, नाहीतर या मशीनच्या आवाजात तुझं काय ऐकू जाणार, डोंबल? आणि आपण सांगितलेलं समोरच्यानं परत म्हणून दाखवल्याशिवाय फोन ठेवायचा नाही." एकदा शस्त्रक्रियेच्या खोलीचे कपडे बाळंतिणींच्या वॉर्डात गेले होते आणि तिकडे पोट उघडलेला माणूस टेबलावर तसाच खोळंबला होता. तेव्हापासूनचा हा नियम.

पहिल्या आठवड्यात ती रोज डबा तसाच परत आणायची. मग आम्ही नवरा घरी नसताना सराव सुरू केला. ती पळी कानाला लावायची, मी खाष्ट नर्स व्हायचे आणि मुद्दाम डावा कान तिच्याकडे करून बसायचे.

"अगं ए, चादरी काय चालत येतायत का?"

"वॉर्ड कुठला ते आधी सांगा!"

"ऐकू आलं नाही!"

"वॉर्ड कुठला!" ती किंचाळायची आणि मग दोघी तोंडावर पदर आणि ओढणी दाबून हसायचो. हसलं की माझ्या बरगड्या दुखायच्या.

दोन वर्षांनी एका रविवारी दुपारी नवऱ्याला पलंगाखाली माझी भरलेली पिशवी सापडली. त्यात माझी कागदपत्रं होती. पुढचं नीट आठवत नाही. पोटात लाथ, मग पाठीत, मग तोंडात दात सुटे झाल्याचं कळलं. नणंदेनं मला काखेत धरून आतल्या खोलीत ओढलं आणि कडी लावली. बाहेर हत्यारांच्या पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग हातोडा पडायला लागला.

प्लायवूडचं दार. तिनं एका हातानं कडी दाबून धरली, दुसऱ्या हातात फोन. मी जमिनीवर पडल्या पडल्या देवाला एवढंच म्हणत होते, आज हिच्या जिभेवर बस.

"मागची इमारत, दुसरा मजला, डावीकडचं दार," ती म्हणाली. आवाज पोटातून आला. मग नंबर, मग रस्ता. "माणूस हातोडा घेऊन दार फोडतोय. आत दोन बायका. एकीला खूप लागलंय."

पलीकडचा काहीतरी बोलला.

"माझा सख्खा भाऊ." तिचा आवाज तसाच होता. "आता पत्ता परत म्हणून दाखवा."

हातोडा प्लायमधून आरपार आला आणि कडीवरच्या तिच्या बोटांवर बसला. ती ओरडली, पण हात काढला नाही. नवरा बाहेरून म्हणत होता, "मुके, फोन ठेव. तुलाही मारीन."

"नाही, पुढची नाही," ती फोनमध्ये म्हणाली. "मागची. सायकलच्या दुकानाशेजारच्या बोळातून. परत म्हणा. हं. मजला? हं. या लवकर."

ते या वेळी बरोबर दारात आले. कडी तोवर अर्धी निखळली होती. तिच्या दोन बोटांची हाडं चुरली होती. ती बोटं आता वाकत नाहीत.

त्याला शिक्षा झाली. आम्ही दोघी दुसरीकडे राहतो. ती अजून दुकानात बोटच दाखवते, न वाकणारं. दुकानदार घाबरतो, असं आम्ही म्हणतो.

गेल्या महिन्यात तुरुंगातून त्याचा फोन आला. मी चुलीशी होते. तिनं उचलला आणि माझ्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली, मला ऐकू यावं म्हणून.

"दादा, वहिनी फोनवर येणार नाहीत. आज नाही, सुटून आल्यावरही नाही. आमच्या दाराशी यायचं नाही." मग म्हणाली, "काय सांगितलं मी? परत म्हणून दाखव."

ती थांबली. फोन ठेवला नाही.

मग त्यानं म्हटलं. हळू, पण शब्द न् शब्द.

"हं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. "वहिनी, दूध उतू जातंय."