मेजवानीतल्या निळ्या ट्यूब

ओबदुलिया सिस्टरला चोरीच्या आरोपाखाली कामावरून काढलं, तेव्हा त्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही मागितली होती. मी दिली नाही. मी सांता इनेसच्या इस्पितळात चादरी धुते, आणि त्या दिवशी काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

ओबदुलिया एकोणीस वर्षं तान्ह्या बाळांच्या वॉर्डात होती. ठेंगणी, फटकळ बाई. बाळाच्या कपाळावर अंगठा दाबून कावीळ किती चढली ते सांगायची. अशा बाळांना डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या उजेडाखाली उघडं निजवतात. ट्यूब जुनी झाली तरी निळी दिसते, पण तिच्यातला गुण गेलेला असतो. हे तिने डायरेक्टर डॉक्टर बाउदिलिओंना तीनदा लिहून दिलं.

"निळं दिसतंय ना?" ते म्हणायचे.

"ते काय बघायला लावलंय, डॉक्टर?"

"नव्या ट्यूब आल्या की देतो. डोकं खाऊ नका."

ऑगस्टात नोल्विया नावाच्या बाईचं तान्हं पोर वॉर्डात आलं, तळपायापर्यंत पिवळं. दोन दिवस उजेडाखाली ठेवूनही उतार नाही. दूध ओढेना, किरट्या आवाजात रडायचं, मान मागे टाकायचं. रक्त बदलायला राजधानीत न्यायला हवं होतं. अॅम्ब्युलन्स कुठाय? तर डायरेक्टरच्या मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाच्या खुर्च्या वाहतेय!

ओबदुलिया तडक मेजवानीच्या हॉलवर आली. मी तिथेच होते. इस्पितळाच्या चादरी टेबलांवर अंथरायला मलाच बोलावलं होतं. डायरेक्टरीणबाई हसत पुढे आल्या, "या सिस्टर! बघा, मुली अगदी जलपऱ्या दिसतील की नाही?"

ओबदुलियाने वर पाहिलं. छताला आठ निळ्या ट्यूब, कोऱ्या, प्रत्येकीवर इस्पितळाचा शिक्का. खाली तीन मजली केक. ती बुटांसकट टेबलावर चढली आणि एकेक ट्यूब काढायला लागली.

"खाली उतरा! नोकरी जाईल," डायरेक्टर ओरडले.

"जाऊ दे. ही धर गं," म्हणत तिने पहिली ट्यूब माझ्या हातात दिली.

अॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरने खुर्च्या रस्त्यावर उतरवल्या. ट्यूब वॉर्डात लागल्या, पोर राजधानीला गेलं. रक्त बदललं, जीव वाचला.

सात महिन्यांनी नोल्वियाने पोराच्या पाठीमागे पातेल्यावर झाकण आपटलं. शेजारची कोंबडी उडाली. पोराने मान वळवली नाही. राजधानीतले डॉक्टर म्हणाले, कान धड आहे, पण कानाकडून मेंदूकडे जाणारी नस काविळीने गेली. दोन दिवस आधी चांगला उजेड मिळता तर...

चौकशीत डायरेक्टरने सांगितलं, ट्यूब हॉलमध्ये "तपासून" बघत होतो, त्या ओबदुलियाने चोरल्या. चौकशीवाल्यांनी ते लिहून घेतलं आणि त्यांच्याकडेच जेवून गेले.

ओबदुलिया आता घरोघर फिरते. बाळाला खिडकीशी नेऊन बघते, जरा जास्त पिवळं वाटलं की आईला स्वतः बसमध्ये बसवून राजधानीला धाडते. नोल्वियाच्या पोराबरोबर हातांच्या खुणांची भाषा शिकतेय. तो आता तीन वर्षांचा आहे, भराभर शिकतो, हिच्या चुकांना खिदळतो.

बाउदिलिओ अजून डायरेक्टरच आहेत. गेल्या रविवारी चर्चमध्ये, शेजाऱ्याशी हात मिळवून शांती चिंततात त्या वेळी, त्यांनी माझ्यापुढे हात केला. मऊ, गुबगुबीत हात. मी माझे दोन्ही हात पाठीमागे घेतले.